पांढऱ्या प्लेटची गाडी, एकवीस किलो गांजा आणि एक जावक नंबर

निकाल लागल्यापासून ही केस लिहून काढायची असं डोक्यात होतं, कारण आमच्या बार रूममध्ये एनडीपीएसचा (अंमली पदार्थांच्या कायद्याचा) विषय निघाला की दर दुसरा माणूस "कलम ५० बघ, पाळलं नसेल तर सुटला" एवढं सांगून चहाचा कप तोंडाला लावतो, आणि या केसमध्ये कलम ५० चे, म्हणजे अंगझडतीच्या नियमाचे, अक्षरशः तीन तेरा वाजले होते, तरी त्याचा उपयोग शून्य झाला. पोरगा सुटला तो भलत्याच गोष्टीवर. नावं, ठाणं, ओळख पटेल असं काहीच लिहीत नाही. मी तेव्हा सरांकडं ज्युनियर होतो आणि फाईल माझ्याकडं होती, त्यामुळं कागद न् कागद पाठ झालेला.

जानेवारी २०२३, सोलापुरात गड्डा यात्रेचे दिवस. होम मैदानावर पाळणे लागलेले, निम्मं पोलीस खातं बंदोबस्ताला. पूर्व भागातला चोवीस वर्षांचा पोरगा, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, वडील यंत्रमागावर होते ते वारले, आई विड्या वळते. पोराकडं एक सेकंडहँड कार, त्यावर तो नळदुर्ग-सोलापूर वडाप मारायचा, म्हणजे भाड्यानं पॅसेंजर बसवायचा. त्या रात्री यात्रेला आलेले पाहुणे नळदुर्गला सोडून मोकळा परत येताना स्टँडजवळ एक माणूस भेटला, सोबत दोन पोती, सोलापूरपर्यंत तीनशे रुपये ठरले. हैदराबाद रोडवर रात्री एक चाळीसला पोलिसांनी गाडी अडवली, डिकी उघडायला लावली, पोत्यात खाकी चिकटपट्टीनं गुंडाळलेले पुडे, एक फोडला तर उग्र वास. वजन भरलं एकवीस किलो तीनशे ग्रॅम.

हा आकडा महत्त्वाचा, म्हणून थोडं थांबतो. गांज्याला कायद्यात एक किलोपर्यंत अल्प मात्रा आणि वीस किलोच्या वर व्यावसायिक मात्रा. अल्प असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष, मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत, आणि वीस किलोच्या वर गेलं की कमीत कमी दहा वर्षं आणि लाखभर दंड, त्याच्या खाली कोर्टाला उतरताच येत नाही. म्हणजे एक किलो तीनशे ग्रॅमनं या पोराची केस जामीन मिळणाऱ्या खणातून उचलून जामीन न मिळणाऱ्या खणात टाकली. कलम ३७ आडवं आलं. आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर जाऊन तो असा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींबद्दल कोर्टाचं समाधान झाल्याशिवाय जामीन नाही. पुड्यांत पानं, काड्या, बिया सगळंच होतं, आणि कायद्यातला गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळाचे शेंडे, नुसती पानं नि बिया नाहीत, त्यामुळं निव्वळ गांजा वीस किलोच्या आत येतो असं आम्ही म्हणून बघितलं. कोर्ट म्हणालं, ते ट्रायलमध्ये बघू. मुंबईला जाऊन आलो, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर, हायकोर्टानं पण जामीन नाकारला, फक्त खटला लवकर चालवा म्हणून सांगितलं. लवकर म्हणजे अडीच वर्षं लागली.

वकालतनाम्यावर सह्या घ्यायला मी पोराच्या घरी गेलो होतो. आई दारात बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याचा तुकडा ठेवून त्या मापानं पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, हे सगळं माझ्याशी बोलता बोलता, एकदाही हाताकडं न बघता. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हाच. "वकीलसाहेब, शेजारचा म्हणालाय ते पन्नास नंबरचं काय तरी असतंय, ते पोलिसांनी केलं नाई तर पोरगं सुटतंय म्हणं. खरं का ओ?" मी मोठ्या रुबाबात म्हटलं, हो, तोच आपला मेन पॉईंट आहे. आज आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

आता मूळ मुद्दा. सिनेमात, वेबसिरीजमध्ये बघून बऱ्याच जणांना वाटतं की पोलिसांनी झडती चुकीची घेतली की वकील उठतो, अर्ज देतो आणि जज पुरावाच उचलून बाहेर फेकतो. अमेरिकेत तसा अर्ज असतो, तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९६१ साली मॅप विरुद्ध ओहायो मध्ये ते राज्यांच्या कोर्टांनासुद्धा लागू केलं, बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा खटल्यात वापरायचाच नाही. आपल्याकडं हे नाही. आपल्याकडं पूरनमल हा १९७४ सालच्या रिपोर्टातला निकाल, पाच न्यायमूर्तींचा, तो सांगतो की झडती बेकायदा होती एवढ्यावरून तिच्यात सापडलेली वस्तू पुराव्यातून बाद होत नाही, ती विषयाला धरून आहे का ते बघायचं. म्हणजे पुरावा फेकायचा स्वतंत्र अर्ज नाही, स्वतंत्र सुनावणी नाही. सगळं पोतं कोर्टात येतं, त्याला निशाणी पडते, आणि पोलिसांनी काय काय पाळलं नाही हे उलटतपासात खणून काढून शेवटच्या आर्ग्युमेंटला मांडायचं. तोवर आरोपी आत.

पण एनडीपीएसला एक वेगळी खिडकी आहे, ती उघडली बलदेव सिंग निकालानं, १९९९ मध्ये, तोही पाच न्यायमूर्तींचाच. त्यात म्हटलं की अंगझडती घेण्याआधी "तुला राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा हक्क आहे" हे सांगायलाच पाहिजे, लेखी सांगायची गरज नाही पण सांगायला पाहिजे, आणि नाही सांगितलं तर अंगावर सापडलेला माल हा ताब्याचा पुरावा म्हणून वापरून शिक्षा देता येणार नाही. पूरनमलचा आधार घेऊन सरकारनं ती पळवाट काढू नये हेही तिथंच स्पष्ट केलं. पुढं २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा निकाल आला, पुन्हा पाच न्यायमूर्ती, की इथं "साधारण पाळलं" चालणार नाही, तंतोतंत पाळा. कलम ५० ची जी काय दहशत आहे ती या दोन निकालांमुळं.

आमच्या केसमध्ये पोलिसांनी काय केलं होतं? छापील नमुना, मराठीत. दोघा आरोपींना, म्हणजे पोरगा नि तो पोतीवाला, मिळून एकच कागद. त्यात लिहिलेलं की राजपत्रित अधिकारी, मॅजिस्ट्रेट "किंवा आमच्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर" झडती देऊ शकता. खाली पोराची तेलुगूत सही! परमानंद या २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं या दोन्ही गोष्टींना चूक म्हटलंय. दोघांना मिळून एकत्र सांगणं चूक, कारण हक्क प्रत्येकाचा वेगळा, आणि रेडिंग पार्टीतल्या साहेबाचा तिसरा पर्याय देणंही चूक. वर भाषेचा मुद्दा. सोलापुरात हा मुद्दा कुठल्याही केसमध्ये निघू शकतो, एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड, पलीकडं उर्दू, आणि पोलिसांचा नमुना मात्र एकच, सरकारी मराठीतला. "राजपत्रित" म्हणजे काय हे, खरं सांगतो, मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्या चुलतभावालाही माहीत नाही. मी तर खूश. तीन तीन चुका.

सरांनी कागद बघितला, चष्मा कपाळावर नेला आणि एकच प्रश्न विचारला, "गांजा कुठं सापडला?"

डिकीत.

संपलं. पवनकुमार, २००५, तीन न्यायमूर्ती, कलम ५० मधला माणूस म्हणजे माणसाचं अंग, त्याची बॅग, पेटी, पोतं नाही. मधे काही निकालांनी बॅग आणि अंग दोन्ही तपासलं तर ५० लागतं असं म्हटलं होतं, परमानंदमध्ये पण तेच होतं, आणि आमची सगळी आशा त्यावर, कारण पोराचे खिसे पण तपासले होते, सातशे चाळीस रुपये नि मोबाईल निघाला होता. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये रंजनकुमार चढ्ढा निकाल आला आणि बॅगेतल्या मालाला ५० लागत नाही हे सुप्रीम कोर्टानं परत ठासून सांगितलं. आमची फाईल तेव्हा चार्ज फ्रेम व्हायच्या आसपास होती. तसंही अंगावर काही सापडलंच नव्हतं, मग पन्नास मोडलं म्हणून बाद काय करायचं, ते सातशे चाळीस रुपये?

मग मी दुसरीकडं वळलो, ५२ए. हे कलम म्हणतं की जप्त मालाची यादी, फोटो, नमुने हे मॅजिस्ट्रेटसमोर करा. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये मोहनलाल केसमध्ये याबद्दल पोलिसांना चांगलंच फैलावर घेतलं होतं, आणि २३ डिसेंबर २०२२ ला तर केंद्रानं नवे नियम काढले, जप्ती, साठवण, नमुना, विल्हेवाट सगळ्याचे. आमची घटना त्यानंतर तीनच आठवड्यांनी. पोलिसांनी मात्र जुन्या सवयीनं रस्त्यावरच बॅटरीच्या उजेडात चोवीस चोवीस ग्रॅमचे नमुने काढले आणि लाखेचं सील मारलं. मे २०२३ मध्ये सिमरनजीत सिंग निकाल आला होता, त्यात जागेवरच नमुने काढले म्हणून आरोपी सुटला. त्या वर्षी अजून दोन निकाल तसेच आले. मी सत्तावीस पानांचं टिपण केलं. टॅब लावून. वेगवेगळ्या रंगाचे.

२० डिसेंबर २०२४. काशिफ निकाल. ५२ए पाळायला उशीर झाला किंवा पाळलंच नाही एवढ्यानं केस कोसळत नाही, ती प्रक्रियेतली चूक, बाकीचा पुरावा बघा. लगेच जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबळे निकाल, छत्तीसगडच्या केसमधला, त्यातही तेच, आणि जास्त सविस्तर. माझी सत्तावीस पानं रद्दीत. मला याचा राग येतो, अजूनही, कारण एकाच चुकीवर २०२३ मध्ये एक माणूस घरी गेला आणि २०२५ मध्ये तसाच दुसरा आत बसला असता, फरक एवढाच की त्याची तारीख उशिरा लागली. सर म्हणाले, "निकाल वाचून केस लढवायची नसते, केस वाचून निकाल शोधायचा असतो." त्या दिवशी जरा लागलं होतं ते.

बाकीचे मुद्दे पटकन सांगतो, कारण त्यात दम नव्हता. पंच फितूर झाला, तो होणारच होता, पण रिझवान खान, २०२०, स्वतंत्र पंच उलटला तरी पोलिसांच्या साक्षीवर विश्वास ठेवता येतो. फिर्यादी आणि तपास अधिकारी एकच होता, यावर अजून लोक मोहनलाल २०१८ चा निकाल काढतात (हा पंजाबचा मोहनलाल, वरचा वेगळा), पण तो मुकेश सिंगमध्ये पाच न्यायमूर्तींनी २०२० लाच मोडीत काढलाय, कृपा करून तो आता कुणी दाखवू नका, जज पण हसतात. दुसऱ्या आरोपीनं पोलिसांपुढं दिलेल्या कबुलीत आमच्या पोराचं नाव होतं, तिला तसाही काही अर्थ नाही, आणि तोफान सिंग निकालानंतर तर या कायद्याखाली अधिकाऱ्यानं कलम ६७ मध्ये घेतलेल्या कबुलीचाही उपयोग राहिला नाही.

राहिलं कलम ४२.

हे सगळ्यात कंटाळवाणं कलम आहे. अधिकाऱ्याला माहिती मिळाली की अमुक इमारतीत, वाहनात, बंद जागेत माल आहे, तर ती आधी लिहून काढायची, त्याची प्रत बहात्तर तासांच्या आत लगेच वरच्या अधिकाऱ्याला पाठवायची, आणि सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर वॉरंट का आणता येत नाही त्याची कारणंही लिहायची. करनैल सिंग, २००९, पाच न्यायमूर्ती, यांनी व्यवहारी मार्ग काढलाय, अधिकारी रस्त्यात असताना फोनवर माहिती मिळाली, घाई होती, तर नंतर लिहा, उशीर झाला तर कारण द्या, चालेल. पण काहीच केलं नाही तर चालणार नाही.

पोलिसांची पळवाट कुठली, तर कलम ४३. सार्वजनिक जागी झडती असेल तर लिहायबिहायची भानगड नाही. हायवे सार्वजनिक, मग ४३, असं साधं गणित. जरनैल सिंग या २००४ च्या निकालात हायवेवरच्या टँकरला ४३ लावलंय सुद्धा. पण एप्रिल २०२१ चा बूटा सिंग निकाल आहे, आणि तो आमच्यासाठी सोन्याचा. तिथं खासगी जीप होती, सार्वजनिक रस्त्यावर. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ४३ मध्ये सार्वजनिक वाहन आहे, खासगी वाहन त्यात बसत नाही, आरसीवर ती गाडी सार्वजनिक वाहतुकीची दिसत नाही, म्हणून ४२ लागतं, आणि ४२ बिलकुल पाळलेलं नाही, म्हणून आरोपी सुटले.

आरसी! आमच्या पोराची गाडी पांढऱ्या प्लेटची, म्हणजे खासगी. आरसी बुक जप्तीतच होतं, पिवळट पडलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात, आर्टिकल नंबर टाकून.

आणि इथं सगळ्यात मोठी अडचण उभी राहिली, जी बाहेरून कळत नाही. आमचा दुसरा बचाव काय होता? की हा वडापवाला आहे, भाड्यानं पॅसेंजर बसवतो, पॅसेंजरच्या पोत्यात गांजा आहे की शेंगा आहेत हे त्याला काय माहीत. कायदा ताब्यात माल सापडला की आरोपीला माहीत होतं असं धरून चालतो, ते आरोपीनं खोडायचं असतं, त्यामुळं हे सांगणं भाग. पण वडाप म्हटलं की गाडी सार्वजनिक झाली, जो येईल तो बसणार! आणि सार्वजनिक झाली की ४३ लागलं आणि ४२ गेलं. म्हणजे एका बचावाच्या पायावर दुसऱ्याची कुऱ्हाड. रात्री अकरापर्यंत सर नि मी ऑफिसात बसलेलो, समोर कडक भाकरीचा चुरा आणि शेंगाचटणीचा कागद, आणि सर एकच वाक्य पुन्हा पुन्हा. "खोटं तर सांगायचं नाही, मग खरं किती सांगायचं?"

शेवटी ठरलं ते असं की पोरानं जबाबात जे झालं तेवढंच सांगायचं. त्या रात्री गाडी मोकळी येत होती, एक माणूस भेटला, तीनशे रुपये ठरले, पोती त्यानं स्वतः डिकीत टाकली. एवढंच. बाकी दिवसा तो काय करतो हे सरकारनं सिद्ध करावं, ते त्यांचं काम.

गाडी अडवणाऱ्या एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) साहेबांची उलटतपासणी झाली त्या दिवशी कोर्ट हॉलमध्ये पंखा बंद होता एवढं लख्ख आठवतंय. पोती उघडून ठेवलेली, मुद्देमाल खोलीत दीड वर्ष पडून वास उतरला होता तरी पहिल्या रांगेत बसवत नव्हतं. सरांनी आवाज चढवला नाही.

माहिती किती वाजता मिळाली? रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा कुठं होतात? ठाण्यातच. गाडी कधी अडवली? एक चाळीसला. मधे साडेचार तास? हो. माहिती लिहून घेतली? स्टेशन डायरीत घेतली. ती नोंद दोषारोपपत्रासोबत आहे? नाही. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती का घ्यावी लागली त्याची कारणं कुठं लिहिलीत? ...लिहिली नाहीत. वरिष्ठांना कळवलं? फोन केला, नंतर लेखी पत्र दिलं. हेच पत्र का? हो हेच. गाडी कुणाची? आरोपीच्या मालकीची. प्लेट कसली? साहेब क्षणभर थांबले. पांढरी.

सरकारी वकिलांनी खाली बघितलं. त्यांना बूटा सिंग पाठ होता, हुशार माणूस.

आता पत्राचं. हे श्रेय मी घेतो, सत्तावीस पानांची भरपाई म्हणून. वरिष्ठांना पाठवलेल्या पत्राची जी ऑफिस कॉपी दोषारोपपत्रात होती, तिच्यावर घटनेच्या रात्रीची तारीख आणि जावक क्रमांक ३१७. ठीक. पण नमुने लॅबला पाठवतानाचं पत्र होतं, ते सहा दिवसांनंतरचं, आणि त्यावर जावक क्रमांक ३०४. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही वाटलं नाही, तिसऱ्या वेळेला वाचताना वाटलं की अरे, जावक नंबर पुढं जातो, मागं कसा येईल? सहा दिवसांनी ३०४ आणि आधी ३१७?

सरांनी जावक रजिस्टर मागवायचा अर्ज दिला. सरकार पक्षानं विरोध केला, गोपनीय आहे वगैरे. कोर्टानं मंजूर केला. दोन तारखा रजिस्टर आलं नाही, तिसऱ्या तारखेला एक हवालदार लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर काखेत घेऊन आला, पिंजऱ्यात उभा राहिला आणि वाचलं. ३०४, लॅबचं पत्र, तारीख बरोबर. ३१७, त्यानंतर दोन दिवसांनी, विषय यात्रा बंदोबस्ताच्या होमगार्डचा भत्ता. आमच्या पत्राची नोंद पूर्ण महिन्यात कुठंच नाही. ज्या वरिष्ठांना ते पाठवलं म्हणायचे, त्यांची साक्षही सरकारनं काढली नाही.

माझं मत सांगतो, लोक या कलमाला कागदी घोडे म्हणतात, मला तसं वाटत नाही. रात्री हायवेवर काय झालं हे आरोपी आणि पोलीस यांच्याशिवाय कुणाला माहीत नसतं, आणि पोलिसांनी ते झडतीच्या आधी लिहून दुसऱ्या टेबलावर पाठवलं असेल तर ते नंतर बदलता येत नाही. पंच उलटतो, सील घासतं, जावक रजिस्टर मात्र खोटं बोलायला अवघड असतं. आता १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात झडतीचं व्हिडिओ चित्रण करायचं आलंय, बघू त्यानं काय फरक पडतो.

आर्ग्युमेंटला सरकारी वकिलांनी वडापचा मुद्दा काढलाच, आणि चांगला काढला. म्हणाले, नळदुर्ग ते सोलापूर कुणालाही विचारा, पांढऱ्या प्लेटच्या गाड्यांत जनताच बसते, आरसी काही म्हणो, ज्यात लोक पैसे देऊन बसतात ती सार्वजनिक गाडी. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण ते खोटं नव्हतं. सरांनी उत्तर दिलं ते दोन भागांत. एक, त्या गाडीत रोज जनता बसते हा पुरावा कुठाय, एक तरी पॅसेंजर तपासला का. दोन, परवाना नसताना भाडं घेतलं असेल तर तो मोटार वाहन कायद्यातला गुन्हा आहे, तो घाला, पण त्यामुळं खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन बदलत नाही. आणि मग तिसरं एक, जे मला सुचलं नव्हतं. पोलीस म्हणतात ही साधी हायवेवरची झडती, मग एफआयआर "खात्रीलायक बातमीदारामार्फत गोपनीय बातमी मिळाली की" असं का सुरू होतं? हे वाक्य जवळजवळ प्रत्येक एफआयआरमध्ये असतं, ठाण्यात ते पाठ असतं, बोटं आपोआप टाईप करतात. नाकाबंदीत सहज सापडला असं लिहिलं असतं तर कदाचित ४२ चा प्रश्नच आला नसता. बातमी मिळाली म्हटलं, की ती लिहून काढायची जबाबदारी आली.

सप्टेंबर २०२५ मध्ये निकाल. कलम ५० चा मुद्दा फेटाळला, दोन परिच्छेदांत. ५२ए चा फेटाळला, काशिफ आणि भारत आंबळे दाखवून, नमुने रस्त्यावर काढणं चूक पण तेवढ्यानं केस जात नाही. गाडी खासगी, आरसी तसं सांगते, म्हणून ४२ लागू. माहिती लिहिल्याचा पुरावा नाही, कारणं लिहिलेली नाहीत, वरिष्ठांना पाठवल्याचा कागद विश्वासार्ह नाही, म्हणजे उशीर नाही तर पूर्ण अभाव, करनैल सिंग प्रमाणे. दोघंही निर्दोष.

दोघंही. म्हणजे तो पोतीवाला पण. त्याचा वकील वेगळा होता, ४२ वर तो एक अक्षर बोलला नव्हता, आमच्याच मेहनतीवर तो सुटला. तो निर्दोष होता का? मला वाटत नाही. आंध्र-ओडिशाकडून हैदराबाद मार्गे माल या रोडनं येतो हे सोलापुरात शेंबड्या पोराला माहीत आहे, २०२३ च्या ऑक्टोबरात तर चिंचोली एमआयडीसीत एमडी (मेफेड्रोन) या नशेच्या पावडरीचा कारखानाच सापडला होता. एकवीस किलो गांजा कुणाचा तरी होताच. मी याचं उत्तर काढायला बसलो नाही, पण पेढे वाटताना हात जरा आखडला एवढं खरं.

अपील झालं तर आता मुंबईला नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, सोलापूर त्यातच. निदान एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल.

गाडी अजून ठाण्याच्या आवारात आहे. जानेवारी २०२५ मध्ये बिश्वजीत डे निकाल आला, एनडीपीएसमध्ये पण वाहन तात्पुरतं सोडता येतं, त्यावर आम्ही अर्ज केला होता, मंजूर पण झाला, पण बॉण्डची रक्कम विड्या वळणाऱ्या घराला झेपणारी नव्हती. आता अपिलाची मुदत संपली की सुटेल. मी बघून आलो, चारही टायर बसलेत, बॉनेटवर चिंचेचा पाला, पांढरी प्लेट एका स्क्रूवर लोंबकळतेय.

सुटल्यावर आठवड्यानं पोरगा आईला घेऊन ऑफिसात आला. आईनं सरांना चादर दिली, पुडीतली, दुकानाची चिठ्ठी तशीच. पोरगा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, गाडी सुटली की पहिलं टी परमिट, टॅक्सीचं, काढतो, पिवळी प्लेट लावतो. सगळं कायदेशीर. परत लफडं नको."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी फाईलकडं.

"काढ की," सर म्हणाले, आणि आरसी बुक परत मिळायच्या अर्जावर सही करायला त्याच्यापुढं पेन सरकवला.